शस्त्र परवाना: अर्जापासून काडतुसापर्यंत

भारतात बंदुकीच्या दुकानाची पायरी माणूस सगळ्यात शेवटी चढतो. तिथे पोचेपर्यंत पोलिस घरी येऊन गेलेले असतात, शेजाऱ्यांना दोन प्रश्न विचारून झालेले असतात, डॉक्टरांचा दाखला लागलेला असतो आणि बहुतेक वेळा वर्षातले बरेच महिने सरलेले असतात. दुकानातलं काम मग तासाभराचं. पैसे देऊन वाट पाहणं वेगळं आणि पैसे देण्याची परवानगी मिळावी म्हणून वाट पाहणं वेगळं. आपल्याकडे सगळा वेळ या दुसऱ्या प्रकारात जातो. एक अपवाद आहे, ४५ दिवसांचा. त्याबद्दल पुढे सविस्तर येईल, कारण अनेक जुन्या परवानाधारकांनाही तो माहीत नसतो.

आधी कायद्याची चौकट. मूळ कायदा १९५९ चा शस्त्र अधिनियम. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला आणि त्याने इंग्रजांच्या १८७८ च्या कायद्याची जागा घेतली. प्रत्यक्ष अर्ज, नमुने, मुदती हे सगळं शस्त्र नियम २०१६ मध्ये आहे. तिसरा कागद म्हणजे डिसेंबर २०१९ ची दुरुस्ती. तिने दोन गोष्टी बदलल्या आणि त्या आजही लोकांच्या डोक्यात जुन्याच बसलेल्या आहेत. पूर्वी एका माणसाला तीन शस्त्रं ठेवता येत, आता दोनच. पूर्वी परवाना तीन वर्षांचा होता, आता पाच वर्षांचा. ज्यांच्याकडे तिसरं शस्त्र होतं त्यांना ते पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायला एक वर्ष दिलं होतं. ती मुदत केव्हाच संपली. अजूनही कुणाच्या कपाटात तिसरी बंदूक असेल, तर ती जुन्या परवान्यावर नोंदलेली असली तरी बेकायदाच आहे.

अर्ज कुणाकडे करायचा इथेच पहिला घोळ होतो. पोलिस आयुक्तालयाच्या हद्दीत राहत असाल तर परवाना देणारा अधिकारी पोलिस आयुक्त. मुंबई, ठाणे, नवी मुंबई, मीरा-भाईंदर-वसई-विरार, पुणे, पिंपरी-चिंचवड, नाशिक, नागपूर, सोलापूर, अमरावती, छत्रपती संभाजीनगर ही अशी आयुक्तालयं. बाकी ठिकाणी जिल्हाधिकारी, म्हणजे जिल्हादंडाधिकारी या नात्याने. गोव्यातही जिल्हाधिकारीच. पण हद्द महसुली तालुक्यावरून ठरत नाही, पोलिस ठाण्यावरून ठरते. चाकण खेड तालुक्यात आहे म्हणून तिथला माणूस पुण्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज घेऊन गेला, तर तो परत पाठवला जाईल, कारण चाकण पोलिस ठाणं पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात येतं. तळेगाव दाभाड्याचंही तसंच. आपलं पोलिस ठाणं कोणाच्या अखत्यारीत आहे ते आधी विचारून घ्या, मग पुढचा कागद हातात धरा.

आता कोणाला परवाना मिळूच शकत नाही ते. वय २१ पूर्ण नसेल तर नाही. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कैदेची शिक्षा झाली असेल, तर शिक्षा संपल्यापासून पाच वर्षं नाही. शांतता राखण्याचं किंवा चांगल्या वर्तणुकीचं हमीपत्र दंडाधिकाऱ्यांनी लिहून घेतलं असेल, तर त्या हमीपत्राची मुदत संपेपर्यंत नाही. मानसिक स्वास्थ्य ठीक नसेल तर नाही. याखेरीज अधिकाऱ्याला एखादा माणूस 'कोणत्याही कारणाने अयोग्य' वाटला किंवा सार्वजनिक शांततेला धोका वाटला, तरी नकार देता येतो. नुसता गुन्हा दाखल असणं ही कायद्यातली थेट बंदी नाही. पण मारहाणीचा, दमदाटीचा, जमिनीच्या भांडणाचा खटला चालू असेल तर 'अयोग्य' हा शब्द तिथेच लागू होतो. अर्जात खटला लपवणं हा त्याहून मोठा घात. पोलिसांकडे नोंद असतेच. ती तपासात निघाली की मूळ गुन्ह्यापेक्षा लपवाछपवीवरूनच अर्ज फेटाळला जातो.

पैसा किंवा मालमत्ता नाही या एकाच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, असं कलम १४ स्पष्ट सांगतं. तरी बहुतेक कार्यालयं प्राप्तिकराची विवरणपत्रं मागतात. ती द्यावीत हे बरं, पण कारण समजून घ्या. उत्पन्न दाखवून कोणी बंदुकीला पात्र ठरत नाही. व्यापारात रोकड हाताळता, खंडणीची धमकी आली आहे, असं अर्जात लिहिलं असेल तर विवरणपत्र त्या दाव्याला आधार देतं. एवढंच त्याचं काम.

अर्जाचा सगळा जोर एका रकान्यावर असतो: शस्त्र कशासाठी हवं? मुख्य उत्तरं तीन. स्वसंरक्षण, पीक संरक्षण, नेमबाजी.

स्वसंरक्षणासाठी २०१६ चे नियम दोन पातळ्या मानतात. सर्वसाधारण परवानगीयोग्य शस्त्रासाठी, म्हणजे नागरी बोअरच्या (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या पोकळीचं माप) पिस्तूल, रिव्हॉल्वर किंवा बंदुकीसाठी, व्यवसायामुळे किंवा इतर कारणाने जिवाला वा मालमत्तेला असलेली खरी गरज दाखवावी लागते. सैन्य, निमलष्करी दल किंवा पोलिसात असलेले आणि त्यातून निवृत्त झालेले लोकही या गटात विचारात घेतले जातात. प्रतिबंधित बोअरची, म्हणजे सैन्य-पोलिसांची काडतुसं चालवू शकणाऱ्या शस्त्रांची, गोष्टच निराळी. तिथे गंभीर आणि संभाव्य धोका सिद्ध करावा लागतो आणि निर्णय केंद्रीय गृह मंत्रालयाच्या पातळीवर होतो. सामान्य अर्जदाराने तो विषय डोक्यातून काढून टाकलेला बरा.

'मला धोका आहे' एवढं वाक्य कुणालाही पटत नाही. धमकीचा फोन आला तेव्हा पोलिसात दिलेली तक्रार, अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, दुकान फोडल्याचा प्राथमिक माहिती अहवाल, रोकड नेण्या-आणण्याचा बँकेचा तपशील, सराफी किंवा पेट्रोल पंपाचा परवाना, अशा कागदांवर अर्ज उभा राहतो. धमकी आली तेव्हा तक्रार केली नाही आणि सहा महिन्यांनी बंदूक मागितली, तर तपास अधिकारी पहिला प्रश्न हाच विचारणार की तेव्हा ठाण्यात का आला नाहीत. प्रश्न रास्तच आहे.

पीक संरक्षणाचा परवाना कोकणात, सह्याद्रीच्या पायथ्याला आणि विदर्भात जास्त पाहायला मिळतो. सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडे अजूनही ठासणीची बंदूक म्हटलं की शेताची राखण डोळ्यांपुढे येते. कायद्याचा कल इथे अर्जदाराच्या बाजूने आहे. शेतीच्या खऱ्या राखणीसाठी ठासणीची बंदूक, किंवा संरक्षणासाठी २० इंचांपेक्षा कमी नसलेल्या नळीची गुळगुळीत बोअरची बंदूक मागितली आणि अर्जदार अपात्र नसेल, तर परवाना 'द्यावा' असे कलम १३ चे शब्द आहेत. पिस्तुलासारख्या शस्त्राला मात्र अधिकाऱ्याचं समाधान व्हावं लागतं. त्यामुळे सातबारा, पीकपाहणी आणि नुकसानीचे पंचनामे लावून बंदूक मागणारा शेतकरी शहरातल्या रिव्हॉल्वरवाल्यापेक्षा कायद्याने अधिक भक्कम जागेवर उभा असतो.

पण दोन गोष्टी इथे हमखास नडतात. पहिली अभयारण्याची. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३४ प्रमाणे अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या परिघात नवा शस्त्र परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय देता येत नाही. जुनं शस्त्र असेल तर त्याची त्यांच्याकडे नोंद लागते. ताडोबा किंवा राधानगरीच्या आसपासचं गाव असेल तर अर्ज महिनोन् महिने का हलत नाही याचं उत्तर बहुधा वनविभागाच्या टेबलावर सापडतं. दुसरी गोष्ट रानडुकराची. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. पिकाची नासाडी करणाऱ्या प्राण्याला मारायला वनविभागाची स्वतंत्र लेखी परवानगी हवी, तीही त्या प्राण्यासाठी आणि त्या क्षेत्रासाठी. हवेत बार काढून कळप पळवणं आणि गोळी घालून प्राणी पाडणं यात कायद्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे.

नेमबाजीचा रस्ता सगळ्यात सरळ, कारण तिथे सुरुवातीला परवानाच लागत नाही. १० मीटर स्पर्धेची एअर रायफल ४.५ मिलिमीटरची असते. या बोअरपर्यंतची आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेची हवेची बंदूक परवान्यातून मोकळी आहे. ती विकताना दुकानदार ओळखपत्र आणि पत्ता मागतो, तो द्यावा. याहून मोठ्या बोअरची किंवा ताकदीची एअर गन ऑनलाइन दिसली तर 'एअर गन आहे, परवाना कशाला' असं समजू नका. मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला क्लबच्या .२२ रायफलीने लक्ष्यावर सराव करायलाही स्वतःचा परवाना लागत नाही. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिस २०२४ मध्ये ज्या ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवलं, ती हीच .२२. स्वतःची .२२ घ्यायची वेळ आली की क्लबचं सदस्यत्व, स्पर्धांतली गुणपत्रकं आणि संघटनेची शिफारस लागते. म्हणून पहिल्या दिवसापासून प्रत्येक स्पर्धेचा कागद जपून ठेवा.

अर्ज स्वतः फार अवघड नाही. वैयक्तिक अर्जाचा नमुना ए-१. तो केंद्राच्या शस्त्र परवाना पोर्टलवर भरला जातो आणि त्याची छापील प्रत कागदांसह कार्यालयात द्यावी लागते. सोबत फोटो, ओळख आणि वास्तव्याचा पुरावा, वयाचा पुरावा, शारीरिक आणि विशेषतः मानसिक आरोग्याचा डॉक्टरांचा दाखला, शस्त्र घरात सुरक्षित ठेवण्याची हमी, आणि शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र. या प्रशिक्षणाला लोक औपचारिकता समजतात. नळी कुठे रोखायची, बोट चापावर केव्हा ठेवायचं, घोडा चढवलेलं शस्त्र रिकामं कसं करायचं हे न शिकता रिव्हॉल्वर घरात आणलं, तर पहिला धोका घरच्यांनाच असतो.

अर्ज गेला की तो तुमच्या पोलिस ठाण्याकडे येतो. बीट अंमलदार घरी येतो, तुमचा जबाब होतो, शेजाऱ्यांकडे विचारपूस होते, ठाण्याच्या आणि राज्याच्या गुन्हे नोंदीत तुमचं नाव शोधलं जातं, विशेष शाखेचा अभिप्राय जोडला जातो. मग कागद वरिष्ठांमार्फत परत परवाना शाखेत. घरातल्या भांडणांची नोंद इथे फार महत्त्वाची ठरते. पत्नीने कधी ठाण्यात तक्रार दिली असेल, भाऊबंदकीत वाटणीवरून मारामारी झाली असेल, तर अहवाल प्रतिकूल येण्याची शक्यता मोठी. यात गैर काही नाही. घरात बंदूक आली की तिच्या नळीसमोर सगळ्यात आधी कोण येऊ शकतं, हा विचार पोलिसांनी करायलाच हवा.

मुदती कागदावर नेटक्या आहेत. पोलिस अहवाल ३० दिवसांत. अहवाल मिळाल्यावर ६० दिवसांत परवाना अधिकाऱ्याचा लेखी निर्णय. अहवाल वेळेत आला नाही, तर अधिकाऱ्याला योग्य वाटल्यास तो त्यावाचूनही निर्णय घेऊ शकतो, अशी तरतूद कायद्यातच आहे. प्रत्यक्षात ती क्वचितच वापरली जाते, कारण पोलिसांच्या अहवालाविना बंदूक दिली आणि उद्या काही घडलं तर सही कुणाची, हा प्रश्न त्या खुर्चीला टाळता येत नाही. तीन महिन्यांचं काम वर्षाकडे सरकतं ते इथे. अर्जदाराच्या हातात एवढंच की अहवाल कोणत्या टेबलावर आहे ते दर महिन्याला लेखी विचारत राहायचं. तोंडी चौकशीची नोंद कुठेच राहत नाही. माहिती अधिकाराचा अर्ज अशा वेळी चांगलं काम करतो.

मध्येच कुणीतरी एजंट भेटतो. 'दुसऱ्या राज्यातून ऑल इंडिया परवाना काढून देतो, तुम्हाला जायचीही गरज नाही.' हा परवाना नसतो, हा गुन्ह्याचा पुरावा असतो. जिथे तुम्ही राहतच नाही तिथला पत्ता दाखवून परवाना घेणं म्हणजे खोटी माहिती देणं. जम्मू-काश्मीरमध्ये २०१२ ते २०१६ या काळात दिलेल्या अडीच लाखांहून अधिक परवान्यांची चौकशी केंद्रीय अन्वेषण विभागाला करावी लागली ती अशाच व्यवहारांपायी. आता प्रत्येक परवान्याला राष्ट्रीय डेटाबेसमधला विशिष्ट ओळख क्रमांक असतो. तो क्रमांक नसलेला परवाना ग्राह्य धरला जात नाही.

नकार आला तर कारणं लेखी नोंदवणं अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. मागितल्यावर ती थोडक्यात द्यावी लागतात. सार्वजनिक हिताला बाधा येत असेल तेवढाच अपवाद. अपिलाची मुदत ३० दिवस. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाविरुद्ध विभागीय आयुक्तांकडे, पोलिस आयुक्तांच्या आदेशाविरुद्ध राज्य शासनाकडे. अपिलात 'माझ्यावर अन्याय झाला' असं लिहून भागत नाही. आदेशातल्या एकेका कारणाला कागदानिशी उत्तर द्यावं लागतं. 'धोका दिसून येत नाही' हे कारण असेल तर धोक्याचे पुरावे, 'गुन्हा दाखल' हे असेल तर दोषमुक्तीच्या निकालाची प्रत. आणि एक गोष्ट मनाशी पक्की असू द्या: भारतात शस्त्र बाळगणं हा मूलभूत हक्क नाही. बीड जिल्ह्यात २०२५ च्या सुरुवातीला परवान्यांची फेरतपासणी झाली आणि शंभराहून अधिक परवाने रद्द झाले. दिलेला परवाना काढूनही घेता येतो, हे तिथे पुन्हा दिसलं.

परवाना हाती आला की तो आधी नीट वाचा. त्यावर शस्त्राचा प्रकार, खरेदीची मुदत, कोणत्या क्षेत्रात नेता येईल ते क्षेत्र, आणि काडतुसं एका वेळी किती व वर्षाला किती, हे सगळं लिहिलेलं असतं. रिव्हॉल्वर लिहिलं असेल तर दुकानात बंदूक आवडली म्हणून घेता येत नाही.

दुकानात मिळतं काय? नागरिकांसाठी पिस्तूल-रिव्हॉल्वर प्रामुख्याने .३२ बोअरची, रायफल .३१५ ची, आणि बंदुका १२ बोअरच्या, एकनळी किंवा दुनळी. ९ मिलिमीटरचं पिस्तूल किंवा .३०३ रायफल सैन्य-पोलिसांची काडतुसं चालवू शकते म्हणून प्रतिबंधित. कानपूर आणि इच्छापूरच्या सरकारी कारखान्यांचा माल बाजारात सगळीकडे दिसतो. काडतुसांच्या बाबतीत महाराष्ट्राचा वाटा मोठा. पुण्याच्या खडकी दारूगोळा कारखान्याचं 'शक्तिमान' हे १२ बोअरचं काडतूस देशभर चालतं आणि पुंगळीच्या बुडावर 'केएफ' अशी अक्षरं असतात. परदेशी शस्त्रांची सामान्य नागरिकांसाठीची आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे, नामांकित नेमबाजांना तेवढी सवलत. म्हणून चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचं विलायती रिव्हॉल्वर नव्या देशी रिव्हॉल्वरच्या कित्येक पट किमतीला विकलं जातं. नव्या पिस्तूल-रिव्हॉल्वरवर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे. पूर्वी तो २८ टक्के होता. किमतीची चौकशी करताना कर धरून आकडा विचारा.

खरेदी झाल्यावर विक्रेता परवान्यावर बनावट, बोअर, शस्त्राचा क्रमांक आणि तारीख लिहून शिक्का मारतो. तो क्रमांक नळीवरच्या क्रमांकाशी अक्षरन् अक्षर जुळवून पाहा. एक आकडा चुकला तरी पुढच्या तपासणीत ते 'दुसरंच शस्त्र' ठरतं आणि खुलासे देता देता नाकी नऊ येतात. मग शस्त्र आणि परवाना दोन्ही परवाना शाखेत दाखवून नोंद करून घ्यायची. काडतुसांचीही प्रत्येक खरेदी परवान्यावर चढते. किती वापरली, कुठे वापरली याचा हिशेब स्वतःच्या वहीत ठेवा आणि रिकाम्या पुंगळ्या फेकू नका. नूतनीकरणाच्या वेळी विचारणा होते तेव्हा वहीइतका चांगला साक्षीदार नाही.

आता ते ४५ दिवस. दुकानाऐवजी दुसऱ्या परवानाधारकाकडून शस्त्र घ्यायचं असेल, तर कलम ५ प्रमाणे विकणाऱ्याला स्वतंत्र विक्री परवाना लागत नाही. पण त्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलिस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं: कोणतं शस्त्र विकायचं आहे, कुणाला, त्याचा पत्ता काय. त्या दिवसापासून किमान ४५ दिवस जाईपर्यंत शस्त्र हातचं सोडायचं नाही. या काळात खरेदीदाराचा परवाना खरा आहे का, त्यात त्या प्रकारच्या शस्त्राची जागा शिल्लक आहे का, शस्त्र एखाद्या गुन्ह्यातलं तर नाही ना, हे तपासता येतं. व्यवहार तुटतात ते बहुतेक याच टप्प्यावर. पैसे आधी देऊन टाकले, 'कागद नंतर करू' म्हणून शस्त्र गाडीत टाकून नेलं, आणि वाटेत नाकाबंदी लागली. त्या क्षणी परवान्यावर नोंद नसलेलं शस्त्र घेणाऱ्याकडे आहे आणि देणाऱ्याने ते बेकायदा सोपवलेलं आहे, म्हणजे दोघेही आरोपी. परवान्याविना शस्त्र बाळगण्याला आता किमान दोन आणि कमाल पाच वर्षं कैद आहे. म्हणून क्रम असा ठेवा: लेखी सूचना आणि तिची पोच, ४५ दिवस, कार्यालयाचं ना-हरकत, दोन्ही परवान्यांवर नोंद, आणि मग ताबा. टोकन रक्कम दिली तर पावतीवर 'परवानगी न मिळाल्यास परत' असं लिहून घ्या.

अमेरिकेत 'वेटिंग पीरियड' म्हणतात तो याहून वेगळा. तिथे बहुतेक ठिकाणी आधी परवाना नसतो. दुकानात फॉर्म भरायचा, दुकानदार संगणकावरून पार्श्वभूमी तपासतो, आणि तीन कामकाजाच्या दिवसांत उत्तर आलं नाही तर संघराज्याच्या कायद्याने तो विक्री करू शकतो. काही राज्यांनी त्यावर सक्तीची प्रतीक्षा घातली आहे: कॅलिफोर्नियात १० दिवस, हवाईत १४, कोलोरॅडोत ऑक्टोबर २०२३ पासून ३. हेतू असा की रागाच्या किंवा निराशेच्या भरात दुकानात शिरलेल्या माणसाचा तो झटका ओसरायला वेळ मिळावा. तिकडे असलेल्या मराठी मंडळींसाठी याहून महत्त्वाची गोष्ट व्हिसाची. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक घेणं आणि बाळगणं दोन्ही संघराज्याच्या कायद्याने मना आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजकेच अपवाद. 'बाळगणं' या शब्दात रेंजवर भाड्याने घेतलेलं पिस्तूलही येऊ शकतं. मित्रांबरोबर रविवारची गंमत म्हणून जाण्याआधी हे लक्षात असू द्या. ग्रीन कार्डधारकाला ही आडकाठी नाही.

परत इकडे. परवाना मिळाल्यावर लोक ज्यात अडकतात त्या चुका बहुतेक साध्या असतात. परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही. मुलाने, भावाने, ड्रायव्हरने ते शस्त्र कमरेला लावून फिरणं गुन्हा आहे. दुकानाच्या राखणदाराला मालकाची बंदूक देऊन बसवणंही, त्याचं नाव परवान्यावर नोंदलेलं नसेल तर, तसंच. जत्रा, मिरवणूक, सभा, शाळा-कॉलेजचं आवार इथे शस्त्र नेता येत नाही, ही परवान्याचीच अट. वरातीत हवेत बार काढला आणि इतरांच्या जिवाला धोका झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ही तरतूद २०१९ मध्ये खास या हौसेसाठी आली.

विमानतळावर एखादं विसरलेलं काडतूस बॅगेत सापडणं हाही नेहमीचा प्रकार. शिकारी आजोबांची जुनी बॅग, आतल्या कप्प्यात एक राऊंड, आणि विमान सुटतं पण माणूस ठाण्यात बसतो. जाणीवपूर्वक ताबा नव्हता हे दाखवता आलं तर न्यायालयं असे गुन्हे रद्द करतात, पण तिथपर्यंत वकील आणि तारखा आल्याच. प्रवासाआधी बॅग उलटी करून झटका.

निवडणूक लागली की शस्त्र जमा करण्याच्या नोटिसा निघतात. सरसकट सगळ्यांची शस्त्रं घ्यायची नसतात. छाननी समितीने जामिनावर असलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, आधीच्या निवडणुकीत दंगलीत सापडलेले अशांचा विचार करून ठरवायचं असतं. नोटीस आली आणि तुमची गरज खरी असेल, बँकेची रोकड नेण्याचं काम असेल, तर समितीकडे लेखी विनंती करा. आदेश कायम राहिला तर शस्त्र जमा करून पावती घ्या आणि निकालानंतर वेळेत परत आणा.

नूतनीकरणासाठी मुदत संपण्याच्या किमान दोन महिने आधी अर्ज टाका. परवाना संपला आणि शस्त्र घरातच राहिलं, तर दुसऱ्या दिवशीपासून ते विनापरवाना आहे. अर्जाची पोच जपा. घर बदललं तर जुन्या आणि नव्या दोन्ही कार्यालयांना ताबडतोब कळवा.

शेवटी आजोबांच्या बंदुकीचा प्रश्न, कारण गावाकडे सर्वांत जास्त विचारला जातो तो हाच. परवानाधारक वारला की त्याचा परवाना संपला. वारसाहक्काने बंदुकीची मालकी येते, बाळगण्याचा अधिकार येत नाही. दिवसकार्य आटोपेपर्यंत थांबू नका. बंदूक आणि काडतुसं विनाविलंब पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या. विक्रेत्याकडे भाडं पडतं, पण शस्त्राला तेलपाणी होतं. ठाण्याच्या मुद्देमाल कक्षात वर्षभरात नळीला गंज चढतो. मग मृत्यूचा दाखला, वारसांची यादी, बाकी वारसांचं ना-हरकत आणि मूळ परवाना जोडून एका वारसाने स्वतःच्या नावाने अर्ज करायचा. त्याची चौकशी नव्या अर्जदारासारखीच होते आणि त्याच्याकडे आधीच दोन शस्त्रं असतील तर तिसरं मिळत नाही. परवाना नको असेल तर जमा असतानाच ते दुसऱ्या परवानाधारकाला किंवा विक्रेत्याला विकता येतं. ठरलेल्या मुदतीत काहीच केलं नाही तर शस्त्र सरकारजमा होतं.

हे सगळं टाळायचं असेल तर आजोबा हयात असतानाच एक वाट आहे. परवानाधारकाचं वय ७० झालं, किंवा शस्त्र बाळगून २५ वर्षं झाली, यातलं जे आधी होईल तेव्हा तो स्वतः एका वारसाचं नाव सुचवून शस्त्र त्याच्याकडे देण्याची मागणी करू शकतो. नियम २५ खाली हा अर्ज होतो. त्याला त्यांच्या सहीचा एक कागद लागतो, आणि सही करायला ते समोर असतात.